झाकण ठेव!

टीचरची आठवण आली की पहिल्यांदा राग येतो. आधी त्यांचा येतो, मग माझा. त्यांचा लवकर जातो.

आदिलाबादला तहसील ऑफिसात नोकरीला लागले तेव्हा मी त्यांच्या घरात भाड्याने राहायला गेले. सरकारी शाळेत फिजिकल सायन्स शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. अख्खी गल्ली त्यांना टीचर म्हणायची. भाजीवाला म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा म्हणायची. घरात एकट्याच. पुढच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, दोन खुर्च्या आणि शाळेने निरोपाला दिलेलं घड्याळ. मागे एकच स्वयंपाकघर, आणि ते दोघींनी मिळून वापरायचं अशी भाड्याची अट. ही अट कशासाठी आहे ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं.

मी भाजी फोडणीला टाकून, वर पाणी घालून, मोबाइलवर बोलत उभी होते. मागून आवाज आला, "झाकण!"

दचकून पाहिलं तर दारात टीचर. उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र मैदानापलीकडच्या वर्गाला ऐकू जाईल असा.

"भाजी शिजवून राह्यली का आदिलाबाद शिजवून राह्यली?"

मी फोन बंद केला.

"पाणी किती घातलं होतं?"

"अंदाजे घातलं."

"आता किती उरलं?"

"थोडं."

"मंग बाकीचं कुठं गेलं?"

"हवेत."

"हवा तुही मावशी लागते का? तिले काऊन पोसून राह्यली?"

त्या घरात असेपर्यंत मी स्वतःच्या नावापेक्षा 'झाकण' हा शब्द जास्त वेळा ऐकला. शेजारी एक तेलुगू कुटुंब होतं. तिथल्या बाईंनी गॅसवर काही उघडं ठेवलं की टीचर भिंतीवरून ओरडायच्या, "मूत पेट्टम्मा!" तेलुगूत झाकणाला मूत म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई कामातून गेली. शाळेतही म्हणे प्रयोगाच्या तासाला मराठी आणि तेलुगू दोन्ही माध्यमांची पोरं एकत्र बसली, की टीचर तेलुगू पोरांना मूत ठेवायला सांगायच्या आणि मराठी पोरं हसून बाकाखाली लोळायची. मग टीचर मराठी पोरांना वर्गाबाहेर काढायच्या. ती पोरं आज बाप झालीत, पण रस्त्यात टीचर दिसल्या की अजून तोंड दाबून हसतात.

जे वाफेवर होतं ते दुसऱ्या कशावर करायचं नाही, हा त्यांचा धर्म. भाजी पाण्यात बुडवून उकडली की म्हणायच्या, "तिले आंघोळ कायले घालतं?" तळाला दोन बोटं पाणी, त्यावर जाळी, जाळीवर एकावर एक डबे आणि घट्ट झाकण. वाफ धरली की आच एकदम बारीक. "उकळत्या पाण्याखाली जाळ वाढवला म्हणून पाणी जास्त तापत नाही. फक्त लवकर पळून जातं." हे वाक्य त्या प्रतिज्ञा म्हटल्यासारखं म्हणायच्या. शिट्ट्या मोजून स्वयंपाक करणाऱ्या बायांचा त्यांना भारी तिटकारा. "शिट्टी म्हणजे कुकर बोंबलून राह्यला, का मी भरलो आता, जाळ कमी कर. अन् ह्या मोजत बसतात!" पहिली शिट्टी व्हायच्या आत आच खाली यायला हवी. शिजायला थोडं बाकी असतानाच गॅस बंद करायचा आणि कुकर जुन्या गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचा. उरलेलं काम आतली ऊब करते. शाळेने टाकून दिलेलं, कडेला टवका गेलेलं काचेचं चंचुपात्र ओट्यावर असायचं. त्यातून पाणी मोजून घालायचं आणि जेवणानंतर तळाचं उरलेलं पाणी परत त्यात ओतायचं. जेवढं कमी भरेल तेवढ्या शिव्या.

दोनदा मी दुसरी खोली बघून आले. दोन्ही वेळा रविवार आडवा आला. रविवारी टीचर फुणके करायच्या. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून मुठीने गोळे वळायचे, वाफवायचे आणि गरम कढीत चुरून खायचे. असे फुणके सोडून कोण जाईल?

एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीचं बघून मी विजेवरचा स्टीमर मागवला. तीन मजली, आरपार दिसणारा. खरं सांगायचं तर टीचरची जिरवायलाच मागवला. त्यांनी चष्मा वर करून त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"रविवारी याची परीक्षा."

ही परीक्षा मी विसरणार नाही. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा असतो. जेवढी वीज ओढाल तेवढा तो भरभर लुकलुकतो. टीचरनी घरातला फ्रिज बंद केला, पंखे बंद केले आणि मला मीटरखाली स्टुलावर बसवलं. मे महिना, आणि तो आदिलाबादचा. मी घाम पुसत लुकलुक मोजतेय आणि टीचर निरोपाचं घड्याळ भिंतीवरून काढून हातात धरून उभ्या. आधी स्टीमरमध्ये सहा फुणके. मग तेवढेच कुकरमध्ये, शिट्टी काढून, विजेच्या शेगडीवर.

स्टीमर जिंकला. त्यात पाणी चमचाभरच लागतं, ते लगेच उकळतं.

"तुले मोजता येत नाही. परत मोज."

परत मोजलं. परत स्टीमर. टीचरच्या कपाळाची शीर उठली. मग त्यांनी दोघींचं पूर्ण जेवण लावलं, डाळ, भात, भाजी. आता स्टीमरच्या मजल्यांमधल्या फटींतून वाफ निसटायला लागली, भात अर्धा कच्चा, डाळ तर दगडासारखी. मी मोजून मोजून थकले. कुकरने मात्र तिन्ही डबे एका दमात काढले.

"चार फुणक्यांपुरता तुहा डबा पास," टीचर म्हणाल्या. "घरच्या जेवणात नापास." आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. अर्धं हरल्याचं त्यांना फार लागलं होतं. पण खरं ते त्यांनी मानलं, नुसतं मानताना भांडी आपटली. पुढे स्वतःपुरतं काही करायचं असलं की निमूटपणे माझाच स्टीमर काढायच्या.

त्यांचं भांडण स्वयंपाकघरापुरतं नव्हतं. रेशनच्या दुकानात एका म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता, म्हणून तिला तिसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा टीचर दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून असं बोलल्या, की दुकानदाराने मशीन पुसून, म्हातारीचं बोट पुसून, शेवटी तांदूळ दिले. घरी येताना मी म्हणाले, "टीचर, कशाला तोंडची वाफ दवडता?"

त्या रस्त्यातच थांबल्या. "तीच एक वाफ दवडायची असते. ती दाबून ठेवली तं माणूस आतल्या आत उकडते."

मी हसले. तेव्हा मला ते वाक्य नुसतं चटकदार वाटलं होतं.

आमचं गाव नेरडीगोंड्याच्या पुढे, हायवेपासून आत. कापूस, ज्वारी, तूर. आईची चूल पऱ्हाट्यांवर चालायची. कापूस वेचून झाला की जी वाळकी झाडं शेतात उभी राहतात, त्या पऱ्हाट्या. त्यांचा ढीग घरामागे कायमचा. घरात गॅस होता, नाही असं नाही. सिलिंडर आलं त्या दिवशी आईने त्याला हळदकुंकू लावलं, वर विणलेला रुमाल घातला, आणि ते देवासारखं कोपऱ्यात बसलं. पाहुणे आले की चहापुरतं पेटायचं. बाकी सगळं चुलीवर, धुरात. आईला दम लागायला लागला. चार पावलं चालली की भिंत धरायची. मी तिला शहरात डॉक्टरकडे आणलं. धूर बंद केला नाही तर औषधाचा काही उपयोग नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आईने मान हलवली आणि गावी जाऊन दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. "फुकटाच्या पऱ्हाट्या असून गॅस कायले जाळू? पंधरा दिसात संपते तो."

हे मी टीचरना हसत हसत सांगितलं. सिलिंडरच्या रुमालाची गंमत म्हणून. टीचरनी हातातली वाटी ओट्यावर आदळली.

"तुह्या आईचं फुप्फुस जळून राह्यलं अन् तू हसतं? गॅस पंधरा दिवसांत काऊन संपते, तुले माहीत नाही? माह्याजवळ राहून शिकली काय तू? सोताचं पोट भरलं फक्त!" मग जरा थांबून म्हणाल्या, "रविवारी जाऊ तुह्या गावाले. मी शिकवतो तुह्या आईले."

चिडल्या की त्या 'शिकवतो' म्हणायच्या, पुरुषासारखं.

रविवारी त्यांनी त्यांचा दुसरा कुकर, तीन डबे, भिजवलेली डाळ ओल्या फडक्यात बांधून आणि ते चंचुपात्र, असं सगळं पिशवीत भरलं. बसमध्ये बसल्यापासून मी गावापर्यंतचे थांबे मोजत होते. घरी काय होऊ शकतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी टीचरना काही सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. वाटलं, निभेल.

आई लगबगीने बाहेर आली. "या, या टीचर. पोट्टी फोनवर तुमचंच सांगत राह्यते." अंगणात बाज टाकली, पाणी दिलं. मग आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, "आडनाव काय म्हणलं तुमचं? गाव कोन्तं?"

टीचरनी आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. आईचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

चहा आला. माझा स्टीलच्या पेल्यात. टीचरचा एका चिनीमातीच्या कपात, निळ्या फुलाच्या. तो कप मी जन्मापासून ओळखते. गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात तो उपडा असतो. शेतात कामाला येणाऱ्या बायांचा तो कप, त्यांनीच धुवायचा आणि त्यांनीच ठेवायचा. घराच्या आत मी तो कधी पाहिला नव्हता.

टीचर पिशवी घेऊन उठल्या. आई दारात आडवी उभी राहिली, तेही किती गोड बोलून! "तुमी बसा टीचर, आत लय गरम होते. पोरीले सांगा, ते सांगन मले."

मी टीचरकडे पाहिलं. आता त्या बोलतील, रेशनच्या दुकानात बोलल्या तशा बोलतील, असं वाटलं. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "पाणी दोन बोटं," म्हणाल्या आणि बाजेवर बसल्या.

मग तासभर मी आत-बाहेर करत राहिले. टीचर अंगणातून सांगायच्या, मी उंबरा ओलांडून आईला सांगायची. डाळ खाली, भात मधे, फुणके वर. वाफ धरली का विचार. आच बारीक कर म्हणा. आणखी बारीक. आता बंद. गोधडी आहे का घरात? आई सगळं करत गेली, कारण ती मुळात कामसू आणि हुशार बाई आहे. गोधडी उलगडून डबे उघडले तेव्हा ती लहान पोरीसारखी ओरडली, "अवं माय, सारं शिजलं! अन् गॅस तं कवाचा बंद हाय!" त्या दिवशी घरात धूर नव्हता. सबंध स्वयंपाक होईस्तोवर आई एकदाही खोकली नाही. ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

जेवायला वाढलं. मला ताट. टीचरना अंगणात, पत्रावळीवर. "ताटं घासाची राह्यली," आई म्हणाली. घासलेली ताटं तिच्यामागे फळीवर ओळीने उभी होती.

मी ती ताटं पाहिली आणि मान खाली घालून जेवले.

टीचर पानातलं सगळं जेवल्या. पत्रावळ स्वतः उचलली. निघताना कुकर तिथेच ठेवला आणि आईला म्हणाल्या, "मीठ जरासं कमी होतं. रोज गॅसवरच करा. तुमाले दम लागते."

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "टीचर, माफ करा. आई जुन्या वळणाची आहे..."

"आईचं नाव सांगू नको मले." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "माही आई जंगलातून मोळी आणत होती डोक्यावर. अशाच एका घरी टाकत होती. मोळी आत जात होती, चुलीपावतर. आई अंगणात उभी राहत होती. आज माहा कुकर आत गेला."

त्यांच्या आईबद्दल त्या याआधी कधी बोलल्या नव्हत्या. नंतरही नाही.

मला काय सुचलं कोण जाणे, मीच चिडले. "मग तुम्ही बोलल्या का नाही? साऱ्या गावावर ओरडता! माझ्यावर तर रोज ओरडता!"

"मी बोलली असती तं तुह्या आईनं तो कुकर उकिरड्यावर फेकला असता अन् उद्या सकाळी चूल पेटवली असती. मले बरं वाटलं असतं, तिचा जीव गेला असता. म्हणून गिळलं मी." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि बस ऐकेल असा आवाज लागला. "पण तुले काय झालं होतं? घर तुहं, माय तुही. तुले कोण हाकलणार होतं? जिथं झाकण ठेवाव तिथं उघडं टाकतं, अन् जिथं तोंड उघडाव तिथं झाकण!"

बसमधली माणसं वळून पाहत होती. मी पिशवीतलं चंचुपात्र काढून उगाच फडक्याने पुसत बसले.

त्यानंतर टीचर माझ्यावर ओरडल्या नाहीत. महिना गेला. मी मुद्दाम भाजी उघडी ठेवायची, पाणी भरमसाट घालायची, कुकरला शिट्ट्या देऊ द्यायची. त्या यायच्या, आपलं काम करायच्या, जायच्या. त्या घरात इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. वैऱ्याशीसुद्धा माणूस भांडतं. माझ्याशी त्या भांडतही नव्हत्या.

पुढच्या सुट्टीला गावी गेले. आईचा दम खरंच कमी झाला होता. सिलिंडरवरचा रुमाल गेला होता आणि टीचरचा कुकर रोज चढत होता. आई शेजारणीला अभिमानाने सांगत होती, "पोरीच्या टीचरनं शिकवलं. लय हुशार बाई."

ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. गोठ्यात गेले, कोनाड्यातला कप उचलला, धुतला, आत आणला, त्यात चहा ओतला आणि चुलीपाशी, म्हणजे जिथे पूर्वी चूल होती तिथे, बसून प्यायला लागले.

"अवं! तो बाहेरचा कप हाय!"

"बाहेरचा म्हणजे कोणाचा?"

"तुले मालूम नाही का?"

"तुह्या तोंडून ऐकू दे मले."

"रीत हाय ते. म्या काय केलं? म्या त्याइले वाईट बोलली का एक शबूद?"

"नाही बोलली. मीबी नाही बोलली. जिच्या कुकरात तू रोज शिजवून खातं, तिले पत्रावळीवर वाढलं तू. आत गरम होते म्हणून सांगतलं. रात्री तुले झोप लागते ते कोणाच्यानं, सांग ना आता शेजारणीले, पुरं सांग!"

गॅसवर कुकर होता. पहिली शिट्टी झाली. आईने तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही. दुसरी झाली, तिसरी झाली. आई तोंडाला पदर लावून बसली आणि मी बोलत राहिले, जन्मात बोलले नाही इतकं, नीट-वाईट सगळं. करपल्याचा वास घरभर झाला तेव्हा आईनेच उठून गॅस बंद केला. कप मी फळीवर, ताटांच्या शेजारी ठेवून आले. परवा गेले तेव्हा तो परत कोनाड्यात होता. मी परत आत आणला. आमचं हे अजून चालू आहे. आई टीचरना बोलाव म्हणते, पण कुठे बसवशील ते सांगत नाही, आणि टीचर काही परत तिकडे गेल्या नाहीत.

डाळ करपली त्या दिवशी संध्याकाळी आदिलाबादला परत पोचले तर टीचर ओट्यापाशी तूर निवडत होत्या. मी पाठमोरी उभी राहून, भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं. त्या निवडत राहिल्या. मला वाटलं, ऐकतही नाहीत.

"अन् कुकर?" त्यांनी विचारलं.

"शिट्ट्या होत राहिल्या."

"किती?"

"मोजल्या नाहीत."

"पाणी?"

"सगळं आटलं. डाळ करपली."

टीचर उठल्या, सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

"करपू दे," म्हणाल्या.

मी भाजी फोडणीला टाकली, पाणी घातलं आणि डोळे पुसायला म्हणून तोंड फिरवलं. पुढच्या खोलीकडे निघालेली त्यांची पावलं दारात थांबली.

"अन् ते झाकण कोण ठेवन? तुही मावशी?"